दचक्यो

आमच्या घरामागच्या वईला लागून काजऱ्याचं झाड होतं. थंडी सुरू झाली की त्याला नारिंगी, गुळगुळीत, बघताच हातात घ्यावीशी वाटतील अशी फळं धरायची. मुंबईहून आलेल्या चुलत भावंडांचे हात हमखास तिकडे वळायचे आणि आजी पडवीतून ओरडायची, ‘मेल्यांनो, काजरो तो! हात धुवन येवा आधी.’ आम्हा गावातल्या मुलांना हे सांगावं लागत नसे. फळ फोडलं की आत पांढरट, बुळबुळीत गर आणि त्यात रुतलेल्या चपट्या, गोल, राखाडी बिया. बियांवर मऊ, चकचकीत लव. धनेश येऊन गर आरामात खायचा आणि बिया अख्ख्याच टाकून द्यायचा, त्यामुळे त्याचं काही बिघडत नसे. विष बीत असतं.

हीच बी म्हणजे वैद्यांचा कुचला, ग्रंथांतला विषतिंदुक. शोधन करून ती वातविकारांवर दिली जाते. होमिओपॅथीची नक्स व्होमिकाही तिच्यापासूनच निघते. त्या बाटलीत बीचं काही उरलेलं असतं का, हा वाद मी घरच्या लग्नकार्यांत पुष्कळदा घातला आहे, इथे नको.

प्राथमिक शाळेत असताना शेजारचा एक कुत्रा मरताना पाहिला. कोंबड्या पळवतो म्हणून वाडीचा त्याच्यावर राग होता. कोणी काय घातलं ते कधी बाहेर आलं नाही, पण मोठी माणसं आपसांत काजऱ्याचंच नाव घेत होती. फणसाखाली तो कुशीवर पडला होता. पाय ताठ, मान मागे ओढलेली. मधेच अंग सैल पडायचं आणि वाटायचं, सावरतोय. तेवढ्यात विहिरीवर कोणाची कळशी काठाला आपटली की तो पुन्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत ताणला जायचा. डोळे मात्र उघडे होते आणि आमच्या हालचालींबरोबर फिरत होते. त्याला सगळं कळत होतं. आजोबांनी हाताने खूण करून सगळ्यांना गप्प केलं आणि विहिरीवरच्या बायकांना थांबायला सांगितलं. औषधशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण आवाजाने हे वाढतं, एवढं त्यांनी आधी कुठेतरी पाहिलेलं असणार.

पुढे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला त्याच विषाची पुन्हा गाठ पडली. औषध म्हणून स्ट्रिक्निनला, म्हणजे काजऱ्याच्या बीतल्या विषाला, पुस्तकात जागा उरलेली नव्हती. विष म्हणून अर्धं पान होतं. आवाज, स्पर्श, झोत, कशानेही झटका येतो. झटक्यांच्या मधे शरीर सैल. शुद्ध शाबूत. मृत्यू श्वासाचे स्नायू आखडल्याने. सरांनी खाली एक ओळ लिहून दिली, ‘ग्लायसिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि ग्लायसिनला बसू देत नाही’, आणि ते पुढच्या विषाकडे वळले. ग्लायसिन हे शरीरातलंच एक रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ते येऊन बसण्याची जागा. परीक्षेला तेवढं पुरतं. मलाही बरीच वर्षं तेवढं पुरलं.

मग तालुक्याच्या गावी माझा बालरोगांचा दवाखाना सुरू झाल्यावर एक आई आणि एक आजी दीडेक महिन्याचं बाळ घेऊन आल्या. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला फिट्सचं औषध चालू केलं होतं, पण गुण नव्हता. मेंदूचा आलेख काढला होता, तो स्वच्छ. आई म्हणाली, ‘मॅडम, ह्येका उचललंय की ताठ होता. आवाज झालो की ताठ होता. झोपलो की मगे मऊ पडता.’ आजीची तक्रार वेगळी होती. न्हाऊ घालायला ठेवलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी येणंच बंद केलं होतं. पायांवर घेऊन पहिला तांब्या ओतला तेव्हा पोर आखडून निळं पडलं आणि बाई घाबरून उठली. बारशाला तर त्याच्या कानात कोणी कुर्रर्र करू नये म्हणून आईच पाळण्यापाशी हात आडवा धरून उभी राहिली होती. बायकांना तो तिचा चढेलपणा वाटला.

झोपलो की मऊ पडता, या चार शब्दांवर मी अडकले. मेंदूला इजा होऊन आलेला ताठपणा सहसा असा जागेपणापुरता हजेरी लावत नाही.

बाळाला टेबलावर ठेवलं. जागं होतं, माझ्याकडे टक लावून बघत होतं, नजर उत्तम. तर्जनीच्या टोकाने त्याच्या नाकाच्या शेंड्यावर अगदी हलकी टिचकी मारली. डोकं झटकन मागे गेलं, डोळे मिटले, दोन्ही हात कोपरांत वळून छातीशी आले, मुठी आवळल्या. हे पुष्कळ बाळांचं होऊ शकतं. म्हणून थोडं थांबून पुन्हा टिचकी, पुन्हा थांबून पुन्हा. एरवीचं बाळ दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला नुसते डोळे मिचकावतं आणि मग तेही सोडून देतं. याचं प्रत्येक वेळी तेच आणि तेवढंच. सवय होत नव्हती. नाकावरची ही टिचकी पुस्तकांत वाचलेली होती, पण ती इतकी बोलकी असेल असं वाटलं नव्हतं. आजी बाजूला उभी होती. म्हणाली, ‘ह्येचो आजो पण असोच होतो. दचक्यो म्हणत त्येका.’

या आजाराला हायपरएकप्लेक्सिया म्हणतात. स्वीडनमधल्या एका कुटुंबाची नोंद १९५८ साली झाली. अचानक काही झालं की त्या घरातली माणसं कोसळायची. १९६६ मध्ये डच डॉक्टरांनी एका मोठ्या घराण्याच्या पिढ्यांची वंशावळ मांडून तो आनुवंशिक आजार म्हणून ठरवला. जन्मतःच बाळ ताठ असतं, वर्षा-दोन वर्षांत तो ताठपणा बराचसा ओसरतो आणि दचकणं मात्र जन्मभर राहतं. आता आपण सगळेच दचकतो. मागून हॉर्न वाजला की मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो त्या बुंध्यातून, खाली संदेश सुटतो. विचाराला वेळच मिळत नाही. डोळे मिटतात, खांदे उचलतात आणि क्षणात सगळं जागेवर येतं. या माणसांचं जागेवर येत नाही. दचकल्यावर काही सेकंद ती आखडून राहतात, आणि त्या सेकंदांत पडली तर हात पुढे टेकवता येत नाहीत. पूर्ण शुद्धीत, आपण पडतोय हे कळत असताना, तोंडावर पडतात.

आणि हे सगळं एका प्रथिनाच्या एका तुकड्यावर येऊन थांबतं. तिथपर्यंतची वाट मात्र लांबची आहे, आणि ती काजऱ्याच्या कुळातूनच जाते.

पॅरिसमध्ये पेलतिए आणि काव्हाँतू यांनी १८१८ साली स्ट्रिक्निन वेगळं केलं. सुरुवात झाली ती काजऱ्याच्या फिलिपिन्समधल्या भावंडाच्या बियांपासून. दोनच वर्षांनी, १८२० साली, फ्रान्समध्येच ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिन आम्लात उकळलं आणि त्यातून एक गोड पदार्थ निघाला. तो ग्लायसिन. अमिनो आम्लांतलं सर्वांत लहान. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते ज्या कोलॅजेनच्या जोरावर, त्यात दर तिसरा घटक ग्लायसिनचा असतो. एक जिभेला असह्य कडू, दुसरा गोड. दोघे जवळजवळ एकाच सुमारास, एकाच देशात सापडले आणि आपल्या शरीरात ते एकाच जागेसाठी भांडतात हे समजायला पुढची जवळपास दीडशे वर्षं गेली. त्यातली बरीचशी वर्षं स्ट्रिक्निन लोक शक्तिवर्धक म्हणूनही घेत होते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन असं मिश्रण पाजलं होतं. तो कसाबसा जिवंत पोचला.

स्ट्रिक्निन नेमकं काय बिघडवतं, याचा पहिला चांगला सुगावा चार्ल्स शेरिंग्टनला लागला. गुडघा वाकवायचा तर वाकवणारे स्नायू आवळावे लागतात हे उघड आहे. पण त्याच क्षणी गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंना गप्प करावं लागतं, आणि हे गप्प करणं मज्जारज्जू मुद्दाम घडवून आणतो, ते आपोआप होत नाही, हे त्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मग त्याने स्ट्रिक्निन दिलं, धनुर्वाताचं विष दिलं. ज्या स्नायूने सैल पडायचं तोही आवळायला लागला. एकमेकांविरुद्ध खेचणारे स्नायू एकाच वेळी जोर लावतात, आणि त्यात पाठीचे व मानेचे स्नायू जास्त बळकट असल्यामुळे शरीर मागे वाकतं. १९३२ साली नोबेल घेताना त्याच्या भाषणाचा विषय हाच होता.

त्याचा शिष्य जॉन एकल्स. मज्जापेशी एकमेकींना विजेनेच संदेश देतात, रसायनाने नव्हे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा हट्ट होता आणि त्यावर तो जाहीर भांडायचा. १९५१ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिनला त्याने सहकाऱ्यांबरोबर मज्जारज्जूतल्या पेशीच्या आत काचेची अतिसूक्ष्म नळी घातली आणि पेशी गप्प होताना काय होतं ते मोजलं. आतला विद्युतदाब त्याच्या अंदाजाच्या बरोबर उलट दिशेला सरकला. त्याने आपलं मत तिथल्या तिथे टाकलं आणि विरोधी बाजूला जाऊन बसला. मला या सगळ्या गोष्टीतलं हे पान फार आवडतं. आमच्या धंद्यात तपासणीचा अहवाल मनाविरुद्ध आला की आधी प्रयोगशाळेला नावं ठेवायची पद्धत आहे.

गप्प करणारं ते रसायन ग्लायसिन असावं, अशी सूचना १९६५ साली अमेरिकेत ॲप्रिसन आणि वर्मन यांनी केली. प्रत्येक प्रथिनात विटेसारखा वापरला जाणारा इतका मामुली पदार्थ निरोप्याचंही काम करत असेल, हे पटायला जड गेलं. पण लवकरच प्रयोगांत दिसलं की ग्लायसिनने गप्प झालेली पेशी स्ट्रिक्निनने पुन्हा पेटते. १९८२ साली जर्मनीत हाइनरिश बेट्स यांच्या गटाने स्ट्रिक्निनलाच कामाला लावलं. त्याचे रेणू पक्के बसवलेल्या नळीतून उंदरांच्या मज्जारज्जूचा अर्क सोडला. बाकीचं वाहून गेलं आणि स्ट्रिक्निनने धरून ठेवलेलं प्रथिन तेवढं मागे राहिलं. तोच ग्लायसिनचा रिसेप्टर. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने त्याच्या अल्फा सबयुनिटचा, म्हणजे तो ज्या तुकड्यांनी बनतो त्यांतल्या एका जातीच्या तुकड्याचा, जनुकीय मजकूर वाचून काढला. ज्या विषाने फणसाखालचा कुत्रा गेला, त्याच्याशिवाय हा रिसेप्टर एवढ्या लवकर हाती लागला नसता.

तो दिसतो कसा? झिम्म्यात पाच बायका फेर धरून उभ्या राहिल्या की मधे मोकळी जागा राहते, तशी या पाच सबयुनिटांच्या मधोमध एक वाट असते. दोन शेजारणींच्या मधल्या खाचेत ग्लायसिन येऊन बसलं की सगळा फेर किंचित वळतो, वाट उघडते आणि बाहेरचे क्लोराइडचे कण पेशीत शिरतात. ऋण भार आत आल्यावर पेशी पेटायला नाखूश होते. हे काही सहस्रांश सेकंदांत होतं, आणि मज्जारज्जूत व मस्तिष्कस्तंभात दिवसभर, प्रत्येक पावलाला होत राहतं. मोठ्या माणसाच्या फेरात बहुतेक जणी अल्फा-१ जातीच्या आणि बाकी बीटा. गर्भात मात्र अल्फा-२ चं राज्य असतं, ते हळूहळू अल्फा-१ कडे जातं. ज्या उंदरांत अल्फा-१ मुळातच बनत नाही, ती पिल्लं जन्मल्यावर काही दिवस धड दिसतात. पाळी बदलायची वेळ येते, बदली यायचं राहतं, आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ती कंप सुटून मरतात. माणसाची बाळं मात्र अल्फा-१ जवळजवळ नसतानाही जगू शकतात. हा फरक मला अजूनही थक्क करतो.

१९९३ साली अमेरिकेत जॉन वॉस्मथ यांच्या प्रयोगशाळेने हायपरएकप्लेक्सियाच्या कुटुंबांत पाचव्या गुणसूत्रावरच्या अल्फा-१ च्या जनुकात दोष शोधला. चारशेहून जास्त अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यात २७१ व्या जागी आर्जिनिन हवं, तिथे काहींना ल्युसिन होतं, काहींना ग्लुटामिन. ही जागा नेमकी वाटेच्या बाहेरच्या तोंडाशी आहे. ग्लायसिन येतं, खाचेत बसतंही, पण वाट नीट उघडत नाही. या प्रकारात आईकडून आलेली प्रत चांगली असून भागत नाही, कारण फेर सगळ्यांनी मिळून धरायचा असतो. दुसरा प्रकारही आहे. त्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात आणि आईवडील अगदी धडधाकट असतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांतलं ताठ बाळ आलं की मला हा दुसरा प्रकार आधी आठवतो. बीटाच्या जनुकातले आणि ग्लायसिन परत गोळा करणाऱ्या वाहकाच्या जनुकातले दोषही हाच आजार देतात.

गंमत म्हणजे गुरांच्या डॉक्टरांनी आम्हाला गाठलं होतं. पोल हेरफर्ड जातीच्या काही वासरांना हात लावला तरी ती आखडतात. त्यांच्या मज्जारज्जूत स्ट्रिक्निन धरून ठेवणाऱ्या जागाच कमी आहेत, हे १९८८ सालीच छापून आलं होतं. म्हणजे माणसांतला दोष सापडायच्या पाच वर्षं आधी.

आमच्या बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. अहवालात तीच जागा होती, २७१.

मग मी आजोबाविषयी नीट विचारलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजी आधी सांगायला तयार नव्हती, नवऱ्याची टवाळी ऐकून ऐकून तिला त्या विषयाचाच कंटाळा आला होता. गावात ते भिंतीला, वईला हात लावत, पाय फाकवून चालायचे. दिवाळीत पोरं मागून लवंगी टाकायची, ते चिऱ्यांच्या पायरीवर तोंडावर पडायचे आणि हसायला सगळी वाडी. पुढचे दात तसेच गेले. देवळात आरतीला झांज सुरू व्हायच्या आधी ते बाहेर येऊन बसत, त्यावरूनही बोललं जाई. देवाक भियाता, म्हणत. सासऱ्यांनी तर ताविजापासून अंगाऱ्यापर्यंत सगळं करून पाहिलं होतं. पोरगो भित्रो, म्हणून.

आणि संध्याकाळी काजूची दारू घेतली की ते नीट चालायचे. दोन पेल्यांनंतर भिंत सोडून, मळ्याच्या मेरेवरून घरी यायचे. हे आजीने खाली मान घालून सांगितलं. भित्र्याच्या जोडीला दारुडा हे दुसरं नाव लागलं ते त्यामुळे. पण दारू ज्या जागांवर काम करते त्यांत ग्लायसिनचा रिसेप्टर आहे. ती त्याचं काम वाढवते. १९९७ साली तर अल्फा-१ मधली त्यासाठी महत्त्वाची जागाही दाखवली गेली, २६७ वी. बिघडलेल्या जागेपासून चारच घरं अलीकडे. गाबा या दुसऱ्या गप्प करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवरही दारूचा तसाच परिणाम होतो. तेव्हा त्या माणसाला दारूने पाय सापडत होते यात मला काही नवल वाटत नाही. कोणी याचा अर्थ दारू हे औषध असा काढू नये. सकाळी ती उतरली की दचकणं दुप्पट होऊन येत असणार. पण वाडीने ज्याला स्वभाव म्हटलं आणि ज्याला व्यसन म्हटलं, त्या दोन्हींच्या तळाशी एकच चुकलेलं अमिनो आम्ल होतं. भित्रेपणाला मनात भीती तरी लागते. यांचं शरीर भीतीची वाट न बघताच पडायचं. भीती नंतर यायची, पुन्हा पडू या धास्तीची, आणि लोकांना दिसायची ती तेवढीच.

बाळाचा बाप मुंबईत छापखान्यात होता. दोष त्याच्यातही होता, पण सौम्य. यंत्रांच्या अखंड आवाजाचं त्याला काही वाटत नसे, दार आपटलं की मात्र हातातलं पडे. लोकलच्या दारात तो कधीच उभा राहत नसे. हे सगळं त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. अहवाल समजावून सांगितल्यावर त्याने फार प्रश्न विचारले नाहीत, फक्त त्याच्या दोन प्रती मागितल्या. दुसरी कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, ‘गावाक चुलत्यांका दाखवूची हा.’

औषध आहे, आणि स्वस्त आहे. क्लोनाझेपाम. ते बिघडलेल्या रिसेप्टरला हातही लावत नाही. शेजारच्या, धड असलेल्या गाबाच्या रिसेप्टरचं काम वाढवतं आणि एकीकडची तूट दुसरीकडून भरून काढतं. पहिल्या आठवड्यात बाळ पेंगत होतं, लाळ गळत होती, आई वैतागली होती. मात्रा कमी करून हळूहळू वाढवली. फिट्सचं औषध बंद केलं. पंधरवड्याने आजीने त्याला स्वतः पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, आधी पाठीवर हात ठेवून, पाणी हातावरून सोडत.

याहून महत्त्वाची गोष्ट फुकटची आहे. ही बाळं आखडली की छातीही आखडते, श्वास थांबतो आणि काही जणं त्यात दगावतात. रोममधल्या विजेव्हानो या बालमज्जातज्ज्ञाने १९८९ साली एक साधी युक्ती छापली: बाळाचं डोकं आणि दोन्ही पाय पोटाकडे दुमडायचे. झटका सुटतो. यंत्र नाही, सुई नाही. मी आईला दाखवलं, आईने आजीला, आजीने अंगणवाडीच्या ताईंना आणि शेजारच्या दोन घरांना. पुढे कधीतरी एसटीत हॉर्नने बाळ आखडलं तेव्हा आईचे हात पिशव्यांत अडकले होते, तर आजीनेच ते दुमडलं आणि वर कंडक्टरलाही शिकवलं म्हणे.

आमच्या भागातल्या जुन्या सुइणींना असं बाळ दिसलं असतं तर त्या धनुर्वात म्हणाल्या असत्या, आणि ते अगदीच चूक नव्हतं. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूत शिरून गप्प करणाऱ्या पेशींतून ग्लायसिन आणि गाबा बाहेरच पडू देत नाही. काजरा ग्लायसिनला बसू देत नाही. २७१ चा दोष असला तर ते सुटतं, बसतं, पण वाट उघडत नाही. क्वचित मोठ्या माणसांत शरीर स्वतःच या रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि चाळिशी-पन्नाशीतली व्यक्ती अचानक ताठ आणि दचकरी होते. चारही ठिकाणी बिघाड एकाच सांध्यात आहे. दवाखान्यात फरक ओळखायला मात्र एक सोपा प्रश्न पुरतो: पहिल्या दिवशी दूध ओढत होतं का, अंग मऊ होतं का? धनुर्वाताचं बाळ आधी काही दिवस चांगलं पितं, मग पिणं सुटतं. आता ते बघायची वेळ फारशी येत नाही. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि स्वच्छ ब्लेडने कापलेली नाळ यांनी ते काम केलं. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. पण त्यामुळे आज ताठ बाळ समोर आलं की नवे डॉक्टर थेट फिट्स किंवा सेरेब्रल पाल्सीकडे वळतात. नाकावर टिचकी मारायला काही सेकंद लागतात. ती मारलीच जात नाही. दुर्मीळ आजार आहे हे कबूल. पण न शोधल्यामुळे तो जितका दुर्मीळ वाटतो तितका नसावा, असा माझा संशय आहे.

२०१५ सालीच या रिसेप्टरचं चित्रही निघालं. झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाचा अल्फा-१ घेऊन, गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. एका चित्रात खाचेत ग्लायसिन बसलेलं आहे आणि वाट मोकळी. दुसऱ्यात त्याच खाचेत स्ट्रिक्निन आणि वाट बंद. छापखान्यात काम करणाऱ्या बापाला मी ती दोन्ही चित्रं संगणकावर दाखवली. त्याने मान वाकडी करून रंग कसे लावलेत तेच आधी पाहिलं.

पोरगा आता पहिलीत आहे. ताठपणा गेला, गोळी चालू आहे, सायकल अजून नाही. अभ्यासात चांगला. गणपतीत तो भजनाला बसतो, मात्र झांजा कोणाच्या हातात आहेत तिकडे तोंड करून बसतो. येणारा आवाज आधी दिसला की अर्धं काम होतं. शाळेत घालताना आईने माझ्याकडून बाईंसाठी एक कागद लिहून घेतला आणि तो प्लास्टिकमध्ये घालून आणला. याला फिट्स येत नाहीत. पडला तर तोंडात चमचा, चप्पल, कांदा काही आणू नका. मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. पाठीत थाप मारू नका. आखडला आणि श्वास अडला तर मान आणि पाय पोटाकडे दुमडा. कवायतीचं काय, असं बाईंनी विचारून पाठवलं, तेव्हा मी खाली आणखी एक ओळ लिहिली: शिट्टी फुंकण्याआधी हात वर करून दाखवा.